डॉ. डंकन आणि लिव्हरपूलची तळघरं

पाणपोई:
कॉलऱ्याचा इतिहास निघाला की कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो हे दाखवणारा डॉक्टर जॉन स्नो आणि त्याने काढायला लावलेला लंडनचा तो पंपाचा दांडा येतोच, आणि यायलाच हवा. पण मला बऱ्याच दिवसांपासून दुसऱ्याच एका डॉक्टरवर लिहायचं होतं ज्याचं नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही. विल्यम हेन्री डंकन. १ जानेवारी १८४७ पासून लिव्हरपूलने त्याला मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थ म्हणून नेमलं आणि कायद्याने अशी जागा मिळालेला ब्रिटनमधला हा पहिला डॉक्टर. आज आपल्या प्रत्येक महापालिकेत आरोग्य अधिकारी असतो, त्यात काही विशेष वाटत नाही, पण एखाद्या डॉक्टरला शहराने पगार द्यायचा आणि म्हणायचं की तू एकेक पेशंट बघू नकोस, अख्खं शहर बघ, हे तेव्हा कोणी केलेलंच नव्हतं.

त्याचा जन्म १८०५ चा, लिव्हरपूलच्याच सील स्ट्रीटवर, व्यापाऱ्याच्या घरात. १८२९ ला एडिंबराहून एमडी होऊन गावी परत आला आणि डिस्पेन्सरीत, म्हणजे गरिबांच्या मोफत दवाखान्यात, काम करायला लागला. तिथल्या डॉक्टरांना पेशंटच्या घरी जावं लागायचं. श्रीमंतांची प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेला जे कधी पडलं नसतं ते डंकनने तिथे रोज बघितलं.

आता ती घरं कशी होती ते जरा सविस्तर सांगते कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लिव्हरपूलला कामगारांच्या वस्तीला कोर्ट म्हणायचे. रस्त्यावरून एका बोळातून आत शिरायचं, आत एक चिंचोळं अंगण, त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर तीन मजली घरांच्या रांगा, आणि प्रत्येक घराची मागची भिंत मागच्या कोर्टातल्या घराला चिकटलेली, म्हणजे मागे खिडकी नाही, वारा आरपार जाण्याचा प्रश्नच नाही. अंगणाच्या टोकाला सगळ्यांमधे मिळून एक-दोन संडास आणि राखेचा खड्डा. पाणी असलंच तर एक नळ आणि तोही एक दिवसाआड, थोडा वेळ, कारण पाणी खाजगी कंपन्यांचं. हे वरच्या लोकांचं. त्यांच्या खाली तळघरं. दहा-बारा फूट लांबरुंद खोली, बऱ्याच ठिकाणी खाली नुसती माती, उजेड यायचा तो दारातूनच. १८४० च्या सुमाराच्या पाहणीत अशा कोर्टांमधे सुमारे ५५ हजार माणसं मोजली गेली आणि ६ हजारांवर तळघरांत आणखी २० हजारांवर. गावाची लोकसंख्या तेव्हा तीन लाखाच्या आत. डंकनने एका तळघराबद्दल लिहून ठेवलंय, घरातलं घाण पाणी मुरायला चार फूट खोल खड्डा केलेला आणि तो खड्डा ज्या पलंगावर कुटुंब झोपायचं त्याच्याच खाली.

१८४३ मधे त्याने लिव्हरपूलच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीत या सगळ्यावर व्याख्यानं दिली आणि ती छापली. त्याचा मुद्दा एकच होता, लिव्हरपूल हे इंग्लंडमधलं सगळ्यात जास्त मृत्यूंचं शहर आहे आणि त्याची कारणं हवापाण्यात नाहीत तर घरांत, गटारांत आणि गर्दीत आहेत, म्हणजे माणसाच्या हातातली आहेत. गावातल्या प्रतिष्ठित लोकांना हे आवडलं नसणार, श्रीमंत बंदर, जगभरची जहाजं येतात, आणि आपल्याच गावचा मुलगा उभा राहून सांगतोय की तुम्ही देशात सगळ्यात आजारी आहात. पण परिणाम झाला. १८४६ ला लिव्हरपूलने पार्लमेंटकडून स्वतःचा सॅनिटरी कायदा करून घेतला आणि त्यातून ही जागा तयार झाली. सुरुवातीला पगार वर्षाला ३०० पौंड आणि खाजगी प्रॅक्टिस करायला परवानगी, १८४८ पासून पूर्णवेळ आणि ७५० पौंड.

आणि रुजू झाल्याबरोबर त्याच्यावर जे कोसळलं ते. १८४७ हे आयर्लंडच्या बटाट्याच्या दुष्काळातलं सगळ्यात वाईट वर्ष, ब्लॅक फॉर्टी-सेव्हन म्हणतात. त्या एका वर्षात जवळजवळ तीन लाख आयरिश लोक लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरले. गावाच्या लोकसंख्येएवढे! बरेच पुढे अमेरिकेला गेले, पण ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते ते राहिले, आणि राहिले कुठे तर कोर्टांत आणि तळघरांत, जिथे आधीच पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांच्यासोबत टायफस (टायफॉइड नव्हे, वेगळा साथीचा ताप) आला. गावात तापाच्या केसेस सुमारे ६० हजार, शिवाय जुलाब आणि आमांशाच्या ४० हजार. लेस स्ट्रीट म्हणून एक गल्ली होती, तिथली जवळपास एक तृतीयांश माणसं त्या वर्षात मेली असं डंकनच्या अहवालात आहे. तापाच्या पेशंटांसाठी शेड उभ्या केल्या, नदीत जुनी जहाजं नांगरून त्यांची हॉस्पिटलं केली. सेवा करणारे दहा कॅथलिक पाद्री त्या वर्षी टायफसने मेले, शिवाय गरिबांत काम करणारे जॉन जॉन्स म्हणून युनिटेरियन या ख्रिश्चन पंथाचे धर्मोपदेशक होते ते, आणि कित्येक डॉक्टर.

डंकनच्या हातात काय होतं? तळघरं रिकामी करायचा अधिकार. कायद्याने ठरवलेल्या उंचीची, उजेडाची नसलेली तळघरं राहायला बेकायदा होती आणि ती त्याच वर्षी मोठ्या प्रमाणावर रिकामी करायला सुरुवात झाली. हजारो लोकांना बाहेर काढलं. पण त्यांना जायला घर द्यायचा अधिकार त्याच्याकडे नव्हता, कोणाकडेच नव्हता. ती माणसं गेली शेजारच्या कोर्टातल्या खोल्यांत जिथे आधीच दोन-दोन कुटुंबं होती, किंवा पहारा हलला की परत त्याच तळघरात.

मला या माणसाबद्दल मनापासून आदर आहे. तरी हा भाग वाचताना त्रास होतो. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, मला खरंच वाचायचंय.

आकडेमोड:
छान लिहिलंयत. आकड्यांमधे थोडी भर घालतो. स्वच्छता-सुधारक एडविन चॅडविकच्या १८४२ च्या प्रसिद्ध अहवालात गावनिहाय सरासरी मृत्यूचं वय दिलंय. लिव्हरपूलमधे सुखवस्तू लोकांचं ३५, व्यापारी-दुकानदारांचं २२, मजूर-कामगारांचं १५. आणि रटलंड नावाच्या खेड्यांच्या परगण्यात तेच आकडे ५२, ४१ आणि ३८. म्हणजे रटलंडचा शेतमजूर लिव्हरपूलच्या बंगलेवाल्यापेक्षा जास्त वयात मरत होता. पैसा असून उपयोग नव्हता, शहरच मारत होतं.

फक्त हे १५ वर्षं वाचून लोक समजतात की कामगार पंधराव्या वर्षी मरायचे, तसं नाही. हे मेलेल्यांच्या वयाची सरासरी आहे, आयुर्मान नव्हे. पाच वर्षांच्या आतली मुलं प्रचंड संख्येने जायची त्यामुळे सरासरी खाली येते, जो जगला तो चाळीस-पन्नासपर्यंत जायचाही. शिवाय ज्या गावात तरुण लोक आणि लेकरं जास्त तिथे ही सरासरी आपोआप कमीच दिसते. हा दोष विल्यम फार या आकडेतज्ज्ञासारख्या लोकांना त्या काळातच माहीत होता, चॅडविकला मात्र आकडा धक्का देणारा हवा होता. तरीपण लिव्हरपूलची मुलं मरत होती हे खरंच आहे, त्यात आकड्याचा काही दोष नाही.

डंकनची मला आवडणारी गोष्ट म्हणजे तो गावाची एकच सरासरी काढून थांबला नाही, वॉर्डावॉर्डाची तुलना केली. रॉडनी स्ट्रीटचा भाग, जिथे डॉक्टर-व्यापारी राहायचे, आणि व्हॉक्सहॉलचा भाग, जिथे कोर्ट आणि तळघरं. गाव तेच, समुद्राचा वारा तोच, पाऊस तोच, मग मरणाचं प्रमाण वेगळं का? हा प्रश्न विचारला की हवामानाला दोष देणारे गप्प होतात.

चाफा:
धागा आवडला पण एक बाजू राहिली ती लिहितेय. डंकनचे आयरिश लोकांबद्दलचे उद्गार वाचलेत का तुम्ही? १८४० च्या सुमाराला त्याने जी साक्ष आणि उत्तरं दिली त्यात तो म्हणतो की आयरिश लोकांना घाणीतच समाधान वाटतं आणि त्यांच्या सहवासाने शेजारच्या इंग्रजांचं राहणीमान पण घसरतंय. ज्या माणसांना खोलीत सहा-सहा जण झोपावं लागतं, पाण्याला रांग, संडास पन्नास जणांत एक, त्यांना तुम्ही म्हणता यांना घाण आवडते. तोच माणूस शंभर पानांत दाखवतो की घाण घरमालकाने आणि कंपनीने केलीय आणि मग मधेच एक वाक्य असं टाकतो. आणि १८४७ ला लिव्हरपूलने गरिबांना परत पाठवण्याच्या नव्या कायद्याचा आधार घेऊन सुमारे १५ हजार आयरिश लोकांना परत बोटीत बसवून उपाशी आयर्लंडला पाठवलं. हे डंकनने केलं असं नाही म्हणत, ते गरिबांच्या मदतीचं खातं आणि न्यायाधीश यांचं काम होतं. पण हे सगळं ज्या वातावरणात झालं ते वातावरण अशा वाक्यांनीच तयार होतं. साथ आली की बाहेरून आलेल्या गरिबाकडे बोट, हे आपण आपल्या डोळ्यांनी बघितलंय, फार जुनं झालेलं नाही.

पाणपोई:
चाफा, बरोबर आहे आणि ते उद्गार मी वाचलेत, ते सोडून द्यावे असं मला अजिबात वाटत नाही. त्या काळच्या बहुतेक सुधारकांच्या लिखाणात हे आहे, चॅडविकमधेही आहे. फक्त एवढंच सांगते की १८४७ च्या आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही लिखाणात त्याचा मुख्य भर घर आणि गटार यावरच आहे, स्वभावावर नाही. एकाच माणसात या दोन्ही गोष्टी होत्या.

अजून एक, त्याच्याकडे सत्ता किती तुटपुंजी होती तेही बघा. गरिबांची मदत, वर्कहाऊस म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवायची जागा, तापाची हॉस्पिटलं हे सगळं सिलेक्ट व्हेस्ट्री म्हणून वेगळ्या संस्थेकडे. आरोग्य अधिकारी कॉर्पोरेशनच्या हेल्थ कमिटीला सल्ला देणार. म्हणजे गल्लीत ताप आहे हे डंकन सांगणार, पण खाट कोणाला मिळणार ते दुसरेच ठरवणार. १८४९ च्या कॉलऱ्यात पण हीच ओढाताण.

समुद्रगाणं:
मी लिव्हरपूलमधे नर्स आहे, बरीच वर्षं झाली. इथे आमच्या हॉस्पिटलात डंकनचं नाव माहीत असलेले कमी, गावात माहीत असतं ते त्यांच्या नावाच्या पबमुळे, डॉक्टर डंकन्स. पेम्ब्रोक प्लेसला जुन्या कोर्टाच्या घरांचा एक शेवटचा अवशेष अजून उभा आहे आणि तोही स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनच्या अगदी शेजारी, ज्या संस्थेत सिकंदराबादला डासांवर काम केलेले रोनाल्ड रॉस शिकवायला आले. म्युझियम ऑफ लिव्हरपूलमधे एक कोर्ट बांधून दाखवलंय, आत गेलात की दोन मिनिटांत कळतं, फोटोत कळत नाही, समोरच्या घराची खिडकी हात लांब केला की लागेल असं वाटतं.

मला मात्र इथे एका बाईंचं नाव घ्यायचंय, किटी विल्किन्सन. आयर्लंडच्या डेरी गावची, लहानपणीच लिव्हरपूलला आली. १८३२ ला कॉलरा आला तेव्हा गल्लीत पाणी तापवायचा बॉयलर फक्त तिच्याकडे. तिने शेजारणींना सांगितलं, आजाऱ्यांचे कपडे-चादरी माझ्याकडे धुवा, आठवड्याला एक पेनी द्या. क्लोराइड ऑफ लाइम, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घालून, उकळत्या पाण्यात. जंतू वगैरे कोणालाच माहीत नव्हतं, पण कॉलऱ्याच्या चादरी उकळणं ही त्या गल्लीत झालेली सगळ्यात बरोबर गोष्ट होती. त्यातूनच १८४२ ला फ्रेडरिक स्ट्रीटला सार्वजनिक धुलाईघर आणि स्नानगृह निघालं, आणि पुढे ती आणि तिचा नवरा टॉम तिथले व्यवस्थापक झाले. २०१२ मधे सेंट जॉर्जेस हॉलमधे तिचा पुतळा बसवला, त्या हॉलमधला बाईचा पहिला पुतळा. वर चाफा म्हणतायत ना, आयरिशांना घाण आवडते असं डंकननी लिहिलं, तर त्याच गावात एक आयरिश बाई दहा वर्षं आधीपासून कॉलऱ्याच्या चादरी उकळत होती.

आणि १८३२ च्या साथीत गावात दंगली झाल्या त्याबद्दल कोणी लिहिलं नाही. मे-जूनमधे दोन आठवड्यांत आठ वेळा लोक रस्त्यावर आले, डॉक्टरांवर दगड, कॉलरा हॉस्पिटलच्या पालखीवर दगड. लोकांना खात्री होती की डॉक्टर गरिबांना हॉस्पिटलात नेऊन मारतात आणि प्रेतं चिरायला वापरतात. एडिंबराचं बर्क आणि हेअरचं प्रकरण तेव्हा ताजं होतं, प्रेतांसाठी खून केले होते त्यांनी, म्हणजे भीती अगदी निराधारही नव्हती. डंकन त्या वेळी तरुण डॉक्टर म्हणून याच वस्त्यांत फिरत होते.

हेमाडपंती:
मी सिव्हिल इंजिनिअर, सांडपाण्यातच आयुष्य गेलं, त्यामुळे मला डंकनपेक्षा त्याच्या दोन सोबत्यांबद्दल जास्त सांगावंसं वाटतंय. १८४६ च्या त्या सॅनिटरी कायद्याने तीन माणसं मिळाली, आणि ती तिघं एकत्र होती म्हणूनच काम झालं असं माझं ठाम मत आहे. डॉक्टर डंकन, बरो इंजिनिअर म्हणजे शहराचा इंजिनिअर जेम्स न्यूलँड्स आणि इन्स्पेक्टर ऑफ न्यूसन्सेस, म्हणजे घाण-उपद्रवावर नजर ठेवणारा अधिकारी, थॉमस फ्रेश.

न्यूलँड्सने आधी सगळ्या गावाचे लेव्हल्स, म्हणजे जमीन कुठे किती उंच-सखल याची मापं, घेतले. नकाशा झाल्याशिवाय गटार खणायचं नाही. १८४८ पासून त्याने आखलेली गटारं, सगळ्या गावाची एकत्र योजना, उताराचा विचार करून. लंडनमधे इंजिनिअर बाझलगेटचं गटारांचं काम सुरू व्हायच्या दहा वर्षं आधी! त्याचं नाव एवढं झालं की १८५५ मधे क्रिमियाच्या युद्धात सैन्याच्या हॉस्पिटलांची आणि तळांची घाण साफ करायला जे सॅनिटरी कमिशन गेलं त्यात लिव्हरपूलची माणसं होती आणि न्यूलँड्सही गेला.

फ्रेशची गोष्ट तर अजून भारी. गावातला मैला टाकायचा कुठे हा प्रश्न, तर त्याने तो रेल्वेने उत्तरेला फॉर्म्बीच्या वाळूच्या टेकड्यांकडे पाठवला. सोनखत मिळाल्यावर त्या नापीक वाळूत शेती व्हायला लागली, तिथली अॅस्परॅगसची भाजी पुढे नावाजली. तिथल्या स्टेशनचं नाव फ्रेशफिल्ड, याच्याच नावावरून.

पण एक गोष्ट डॉक्टर मंडळींनी लक्षात घ्या, मुख्य गटार घातलं म्हणजे कोर्टातल्या घराला संडास मिळाला असं होत नाही. रस्त्याखाली गटार आलं तरी कोर्टाच्या टोकाचा खड्डा पुढे कित्येक वर्षं तसाच, कारण तो घरमालकाचा आणि खर्च त्याने करायचा. आजही हेच असतं. मेन लाइन सरकार टाकतं, कनेक्शनचे पैसे कोणी भरायचे यावर वस्ती वर्षानुवर्षं अडते.

डॉ_रानवारा:
मी एका नगरपालिकेत आरोग्य अधिकारी होतो, आता निवृत्त. पाणपोईताईंनी जो प्रश्न टाकलाय, तळघरांचा, त्यावर मला लिहायलाच हवं कारण त्या खुर्चीत बसल्याशिवाय ते कळत नाही असं नाही पण बसल्यावर वेगळं कळतं.

नाल्याकाठच्या झोपड्या, पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), कावीळ, दर वर्षी. नोटीस काढायचा अधिकार आमचा. ती राहायला अयोग्य आहे हे मी सही करून लिहायचो, ते खरंही असायचं. पण त्या सहीनंतर ती बाई दोन लेकरं घेऊन कुठे जाईल याचा रकाना त्या फॉर्मवर नसतो. तुम्ही नाही काढलं तर पुढच्या साथीत पोर गेलं याची जबाबदारी तुमची, काढलं तर रस्त्यावर आली त्याची. डंकनला हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. डिस्पेन्सरीत घराघरांत फिरलेला माणूस आहे तो.

वैद्यकीय बाजूही बघा. टायफस उवांमुळे पसरतो हे शार्ल निकोलने १९०९ मधे दाखवलं, म्हणजे डंकनच्या मृत्यूनंतर ४६ वर्षांनी. डंकनचा विश्वास दूषित हवेवर, बंद खोलीत अनेकांचा श्वास कोंडला की हवेत विष तयार होतं आणि ताप येतो. थिअरी चुकीची होती पण गर्दी हे कारण बरोबर धरलं होतं, कारण उवा गर्दीतच पसरतात, एकाच पांघरुणात चार जण झोपले की झालं. म्हणजे त्याच्या थिअरीनेही आणि आजच्या शास्त्रानेही तळघरातून काढून शेजारच्या भरलेल्या खोलीत लोकांना ढकलणं हे साथ वाढवणारं. तळघर ओलं होतं, अंधारं होतं, पण टायफससाठी ओल महत्त्वाची नव्हती, गर्दी होती. कायद्याने ओल आणि उंची मोजली. माणसं कमी करायची तर घरं वाढवायला हवी होती, तो अधिकार कायद्यात नव्हता.

कॉलऱ्याचं मात्र वेगळं. तो पाण्याचा. तिथे दूषित हवेच्या कल्पनेने नुकसान केलं कारण लक्ष वासाकडे राहिलं.

चाफा:
डॉक्टर, ते फॉर्मवरचं वाक्य वाचून थांबले. धन्यवाद एवढं मोकळेपणाने लिहिल्याबद्दल.

आकडेमोड:
कॉलऱ्यावर थोडं. डिसेंबर १८४८ मधे स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीजहून आलेल्या बोटीतून एक आयरिश कुटुंब उतरलं, डम्फ्रीजला आधीच साथ चालू होती, आणि लिव्हरपूलची साथ त्या कुटुंबापासून धरतात. १८४९ संपेपर्यंत पाच हजारांवर मृत्यू. म्हणजे तीन वर्षांत आधी टायफस मग कॉलरा. १८५४ ला परत आला तेव्हा मृत्यू बरेच कमी होते. श्रेय कोणाला द्यायचं यावर वाद घालता येईल कारण पाणी तर तेव्हाही जुनंच होतं. रिव्हिंग्टनच्या तलावाचं पाणी गावात आलं १८५७ ला.

आणि ते पाणी येताना काय भांडणं! रिव्हिंग्टन नको म्हणणाऱ्यांचा एक पक्षच उभा राहिला, निवडणुका त्यावर लढल्या गेल्या. कर वाढणार हा मुद्दा. पाण्याच्या खाजगी कंपन्या १८४७ मधेच कॉर्पोरेशनने विकत घ्यायच्या ठरवल्या होत्या, प्रत्यक्ष पाणी यायला दहा वर्षं.

गिरणगाव:
इथे मुंबईचा संबंध जोडल्याशिवाय राहवत नाही, आणि तो ओढूनताणून नाही. लिव्हरपूल म्हणजे कापसाचं बंदर. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, १८६१ ते ६५, तिथला कापूस बंद, तेव्हा मुंबईचा कापूस लिव्हरपूलला मोठ्या प्रमाणावर जायला लागला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. माणसांचाही. १८६४ च्या मोजणीत मुंबईत आठ लाखांवर लोक. त्याच वर्षी डॉ. अँड्र्यू लीथ यांनी मुंबईच्या आरोग्याच्या स्थितीवर अहवाल लिहिला, आणि १८६५ च्या कायद्याने नवीन म्युनिसिपालिटी, आर्थर क्रॉफर्ड कमिशनर आणि डॉ. टी. जी. ह्यूलेट हेल्थ ऑफिसर. म्हणजे लिव्हरपूलनंतर अठरा वर्षांनी तीच खुर्ची आपल्याकडे आली, आणि आली तीही त्याच कापसाच्या पैशाने फुगलेल्या शहरात. पाण्यात मात्र मुंबई फार मागे नव्हती, विहारचं पाणी १८६० ला.

आणि रानवारा सरांनी जे लिहिलंय त्याचं मुंबईतलं रूप म्हणजे प्लेग. सप्टेंबर १८९६, मांडवी, डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी ओळखला. ते मूळचे गोव्याचे, हडफड्याचे. मग १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. घाणेरड्या वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते करायचे, हवा खेळवायची. पाडलं खूप, सुरुवातीच्या वर्षांत बांधलं त्यापेक्षा खूपच कमी. नागपाड्यातून उठवलेले लोक शेजारच्या भरलेल्या चाळींत गेले, भाडी वाढली. पन्नास वर्षांपूर्वी लिव्हरपूलमधे घडलेलं अगदी तसंच, आणि तेही प्लेगच्या ऐन साथीत. लिव्हरपूलचा अनुभव कागदावर होता, मुंबईतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना वाचायला काही अडचण नव्हती. हे मला समजत नाही आणि रागही येतो.

हेमाडपंती:
गिरणगाव, हा जोड माहीत नव्हता, फार छान. मग लिव्हरपूलला घरं झाली का शेवटी? डंकनच्या हयातीत?

पाणपोई:
सगळ्यांचे प्रतिसाद वाचून खूप बरं वाटलं. समुद्रगाणं, किटीबाईंबद्दल मी लिहिणारच होते, तुम्ही जास्त चांगलं लिहिलंत.

हेमाडपंती, हयातीत नाही. डंकन १६ वर्षं त्या जागेवर राहिला आणि मे १८६३ मधे स्कॉटलंडमधे एल्गिनला वारला, ५८ वर्षांचा होता. त्याच्या जागी डॉ. विल्यम स्टुअर्ट ट्रेंच आले. १८६४ ला अजून एक कायदा झाला, त्यात राहायला अयोग्य घरं पाडण्याचा अधिकार मिळाला. आणि १८६९ मधे व्हॉक्सहॉल भागात कॉर्पोरेशनने स्वतः बांधलेली घरं उभी राहिली, सेंट मार्टिन्स कॉटेजेस. नाव कॉटेज पण होत्या मजल्यांच्या चाळी. इंग्लंडमधे महापालिकेने भाड्याने द्यायला बांधलेली ही पहिली घरं मानतात. म्हणजे तळघर रिकामं करायचा अधिकार १८४७ ला, शहराला पुरेसं पाणी १८५७ ला, पहिलं घर १८६९ ला. १८६६ ला मधेच कॉलरा परत येऊन दोन हजारांवर माणसं घेऊन गेला. आणि ज्यांना उठवलं त्यांनाच नवीन घर द्यायचं हे धोरण यायला तर शतक संपत आलं.

रानवारा सर, तुम्ही म्हणालात डंकनला कळत नसणार असं वाटत नाही, मलाही आता तसंच वाटतंय. मी धागा टाकला तेव्हा मनात थोडा राग होता त्याच्यावर, की माहीत असून काढलं कसं. पण कायदा लिहिणाऱ्यांत घरमालक होते, कॉर्पोरेशनमधे घरमालक होते, आणि तळघर बंद करायला कॉर्पोरेशनचा काही खर्च येत नव्हता, घर बांधायला येत होता. ज्या क्रमाने हे अधिकार मिळाले तो क्रम डंकनने ठरवलेला नाही. राग धरायचाच तर तिथे धरायला हवा. चाफा, आयरिशांबद्दलचे उद्गार मात्र त्याचेच, तिथे त्याला सोडायचं कारण नाही.

लिव्हरपूलनंतर १८४८ मधे लंडनच्या मधल्या जुन्या भागाने, 'सिटी ऑफ लंडन'ने, डॉ. जॉन सायमनला नेमलं, १८५५ ला लंडनच्या सगळ्या भागांना ही नेमणूक सक्तीची झाली, १८७२ ला देशभर. जॉन सायमनवर वेगळा धागा काढायचा विचार आहे, कारण तो अहवाल असे लिहायचा की वर्तमानपत्रं ते जसेच्या तसे छापायची आणि त्यानेच बरीच कामं झाली. हेमाडपंती, न्यूलँड्सवर तुम्ही लिहा ना, गटारांच्या उताराचं गणित आम्हाला कळेल असं, क्रिमियासकट.

हेमाडपंती:
लिहितो. लेव्हल्सपासून सुरुवात करतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.